वाचकांचे प्रश्न : वाढते शहर आणि राखायची शेतजमीन

या वेळी आलेली बहुतेक पत्रे एकाच विषयावरची आहेत. शहर पुढेही वाढणार हे गृहीत धरून संपूर्ण प्रदेशाचे नियोजन कसे करावे, आणि ते करताना शेतजमीन, कुरणे व पाणलोट क्षेत्रे कशी राखावीत, हा तो विषय. सारखे प्रश्न एकत्र करून आणि पत्रांतील मजकूर थोडक्यात देऊन खाली उत्तरे दिली आहेत. कोणत्याही एका कायद्यावर सल्ला देण्याचा हेतू नसल्यामुळे उदाहरणे निरनिराळ्या देशांतून घेतली आहेत.

प्रश्न : शहराचा स्वतःचा विकास आराखडा असतोच. मग त्याच्यावर आणखी एक प्रादेशिक योजना कशासाठी? दोन कार्यालये, दोन नकाशे आणि काम मात्र एकच, असा हा प्रकार वाटतो.

उत्तर : शहराचा आराखडा नगरपालिकेच्या हद्दीपाशी संपतो, पण शहराला लागणारे पाणी, तेथे रोज कामाला येणारी माणसे आणि तेथून बाहेर पडणारे सांडपाणी यांना ती हद्द ठाऊक नसते. नगरपालिकेने आपल्या हद्दीत बांधकामाचे नियम कडक केले की बांधकाम व्यावसायिक हद्दीबाहेरच्या पहिल्या गावाकडे वळतो. गावाला करापोटी चार पैसे मिळणार असतात, त्यामुळे परवानगी मिळते. दहा वर्षांनी त्या वसाहतीला नळाचे पाणी, मलवाहिनी आणि शाळा हवी असते. हे सारे गावाच्या आवाक्याबाहेरचे असते, म्हणून हद्दवाढीची मागणी होते आणि जे बांधून झाले आहे त्याच्याभोवती नियोजन करण्याची वेळ शहरावर येते. हा क्रम उलटा करणे, म्हणजे वाढ कोणत्या दिशेने होऊ द्यायची आणि कोणत्या दिशेने नाही हे बांधकामाच्या आधी ठरवणे, हे प्रादेशिक योजनेचे काम आहे.

कोपनहेगनची १९४७ सालची योजना याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. जुने शहर म्हणजे तळहात आणि उपनगरी रेल्वेमार्गांवरची वाढ म्हणजे बोटे, अशी तिची आखणी होती. बोटांच्या मधल्या जागा शेती, वने आणि मोकळी भूमी यांसाठी ठेवायच्या होत्या. चित्र आकर्षक आहे, पण योजना केवळ चित्रामुळे टिकली नाही. रेल्वे बोटांवरूनच धावत होती, त्यामुळे मधल्या जागेत राहायला जाणे लोकांनाच गैरसोयीचे होते. पुढे मोठी कार्यालये स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावरच असावीत असा नियम झाला, आणि २००७ मध्ये संपूर्ण योजनेला राष्ट्रीय पातळीवरच्या बंधनकारक निर्देशाचे स्वरूप मिळाले. अमेरिकेतील पोर्टलंड परिसरात तीन काउंट्या (तेथील जिल्हे) आणि सुमारे दोन डझन शहरे यांच्यासाठी थेट मतदानाने निवडलेली प्रादेशिक संस्था आहे आणि वाढीची सीमा, म्हणजे शहराने जिच्याबाहेर पसरायचे नाही ती रेषा, तीच ठरवते. नियोजन करणाऱ्याला मते मागायला जावे लागणे, ही मला त्या व्यवस्थेतील सर्वांत चांगली गोष्ट वाटते.

दोन कार्यालयांबद्दलची आपली शंका मात्र अगदीच चुकीची नाही. योजना मंजूर करणारी संस्था एक आणि पाण्याची मुख्य वाहिनी टाकणारी संस्था दुसरी असेल, तर खरे नियोजन दुसरीच संस्था करत असते. पहिलीचा नकाशा कपाटात राहतो.

प्रश्न : वीस वर्षांनी किती जमीन लागेल हे आज कसे ठरवतात? आणि अंदाज चुकला तर?

उत्तर : अंदाज चुकतोच, किती चुकतो आणि चुकल्यावर दुरुस्तीची सोय आहे का, हे पाहायचे असते. दहा लाख लोकसंख्येचा एक काल्पनिक प्रदेश घेऊ. लोकसंख्या दरवर्षी २ टक्क्यांनी वाढली तर वीस वर्षांनी ती सुमारे १४ लाख ८६ हजार होईल, म्हणजे ४ लाख ८६ हजार माणसांची भर पडेल. रस्ते, शाळा, उद्याने धरून हेक्टरी १०० माणसे या घनतेने ती सामावली तर ४,८६० हेक्टर लागतील. हेक्टरी ५० माणसे या घनतेने ९,७२० हेक्टर. आता वाढीचा दर ३ टक्के निघाला असे समजा. लोकसंख्या १८ लाख ६ हजारांवर जाईल आणि त्याच दोन घनतांना ८,०६० किंवा १६,१२० हेक्टर लागतील. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकड्यांत तिपटीहून अधिक फरक आहे, आणि त्यातला लोकसंख्येचा भाग नियोजनकाराच्या हाती फारसा नसला तरी घनतेचा भाग बऱ्याच अंशी असतो. म्हणून एखाद्या योजनेच्या अहवालात लोकसंख्येच्या अंदाजावर तीस पाने आणि घनतेच्या गृहीतकावर अर्धे पान दिसले, तर तो अर्धा कागद आधी वाचावा. जुन्या शहरातील रिकामे भूखंड, बंद पडलेले कारखाने आणि स्थानकांभोवतीची बैठी वस्ती यांत किती माणसे सामावतील, हे वजा केले आहे की नाही, तेही तेथेच कळते.

निरनिराळ्या देशांनी चुकीची जोखीम निरनिराळ्या रीतीने वाटून घेतली आहे. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने १९७३ च्या कायद्याने प्रत्येक शहराला वाढीची सीमा आखणे बंधनकारक केले आणि सीमेच्या आत वीस वर्षे पुरेल इतकी जमीन असली पाहिजे, असे ठरवले. स्वित्झर्लंडमध्ये २०१३ च्या सार्वमतात सुमारे ६३ टक्के मतदारांनी संमती दिल्यानंतर २०१४ पासून बांधकाम क्षेत्र पुढील १५ वर्षांच्या गरजेपुरतेच ठेवण्याचा नियम लागू झाला. ज्या गावांनी पूर्वी उदार हाताने जास्त जमीन बांधकामासाठी राखून ठेवली होती, त्यांना ती पुन्हा कमी करावी लागली. ही गोष्ट किती अवघड असते, याची कल्पना ज्याने एकदा तरी नकाशातील रंग बदलण्याची सुनावणी पाहिली आहे त्यालाच येईल.

पोर्टलंडने वीस वर्षांची मुदतही अपुरी मानली. सीमेची फेरतपासणी ठरावीक वर्षांनी होत असल्यामुळे सीमेलगतचा प्रत्येक शेतकरी पुढच्या तपासणीची वाट पाहत बसे आणि जमिनीत काही गुंतवत नसे. २००७ च्या कायद्याने तेथे सीमेबाहेरच्या जमिनीचे दोन प्रकार करण्याची सोय केली : पुढे कधी शहर वाढले तर आधी ज्या दिशेने वाढेल ती राखीव जमीन, आणि पुढील सुमारे ५० वर्षे ज्या जमिनीला हात लावायचा नाही ती ग्रामीण राखीव जमीन. त्यावर खटले झाले, न्यायालयाने काही भाग परत पाठवला आणि २०१४ मध्ये विधिमंडळाला हस्तक्षेप करावा लागला. तरीही ही कल्पना मला फार मोलाची वाटते, कारण शेतकऱ्याला फळझाडे लावायची, ठिबकाच्या नळ्या टाकायच्या किंवा गोठा बांधायचा असेल तर त्याला पाच वर्षांचे नव्हे, पंचवीस-तीस वर्षांचे उत्तर हवे असते.

वाढीच्या बाजूनेही लांबचे पाहता येते. न्यूयॉर्कमध्ये १८११ साली आयुक्तांनी रस्त्यांची जाळी १५५ व्या रस्त्यापर्यंत आखली तेव्हा शहराची वस्ती लाखाच्या आत होती आणि आखलेला बराचसा भाग शेते व टेकड्यांचा होता. तेव्हा रस्त्यांची केवळ जागा राखली गेली. रस्ते पुढे गरजेप्रमाणे बांधले गेले. आज नवी वाढ कोठे होणार हे एकदा ठरले की मुख्य रस्त्यांच्या पट्ट्या लगेच राखून ठेवणे हे सर्वांत स्वस्त नियोजन आहे, आणि नेमके तेच सर्वांत जास्त वेळा राहून जाते.

प्रश्न : प्रारूप नकाशात आमच्या बांधापर्यंत निवासी क्षेत्र आले आहे आणि आमच्या शेतापासून शेती क्षेत्र सुरू होते. शेजाऱ्याच्या जमिनीचा भाव कित्येक पटींनी वाढला, आमच्या जमिनीवर बंदी आली. शहराला मोकळी हवा मिळावी म्हणून किंमत आम्हीच का मोजायची?

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे, आणि तिला सरळ उत्तर न देणाऱ्या योजना फार काळ टिकलेल्या नाहीत. दोन्ही शेतांची माती एक, विहिरीचे पाणी एक. शेजाऱ्याच्या जमिनीला जो भाव आला तो त्याच्या कष्टाने आलेला नाही, तर रस्ता, पाणी आणि परवानगी या सार्वजनिक गोष्टींनी आलेला आहे. तो भाव आपल्याला मिळाला नाही, हे आपले दुःख. मात्र येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. आज जे उत्पन्न मिळते ते बंद झाले, तर ते नुकसान आहे आणि त्याची भरपाई झालीच पाहिजे. उद्या जो भाव मिळेल असे वाटत होते तो मिळाला नाही, तर त्याची पूर्ण भरपाई सार्वजनिक पैशातून देणे, माझ्या मते, योग्यही नाही आणि शक्यही नाही. तसे केले तर एक हेक्टर शेत वाचवण्यासाठी तेथे इमारत उभी करण्याइतका खर्च येईल. परंतु या भेदावर बोट ठेवून शेतकऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवणे हाही न्याय नव्हे.

ब्रिटनने १९४७ साली या प्रश्नाचे सर्वांत धाडसी उत्तर दिले. जमीन मालकाचीच राहिली, पण ती विकसित करण्याचा हक्क शासनाकडे गेला. त्याबद्दल एकदाच द्यायच्या भरपाईसाठी ३० कोटी पौंडांची तरतूद झाली आणि पुढे परवानगीमुळे वाढणाऱ्या मूल्यावर शंभर टक्के आकार लागू झाला. तर्क चोख होता, पण सारा फायदा शासन घेणार म्हटल्यावर जमीन विकायला मालक पुढे येईनात आणि १९५३ मध्ये तो आकार रद्द झाला. परवानगीशिवाय बांधकाम नाही, हे तत्त्व मात्र तेव्हापासून आजवर टिकून आहे. स्वित्झर्लंडने यापेक्षा बेताची वाट धरली : जमीन बांधकाम क्षेत्रात आली तर वाढलेल्या मूल्याचा किमान २० टक्के भाग वसूल करायचा, आणि ज्यांची जमीन बांधकाम क्षेत्रातून वगळली जाते त्यांना द्यावयाच्या भरपाईसाठी तो पैसा वापरायचा. ज्याला लाभ झाला त्याच्याकडून घेऊन ज्याला तोटा झाला त्याला द्यायचे, इतका हा व्यवहार उघड असल्यामुळे तो लोकांना समजतो.

भरपाईचा प्रश्न टाळला तर काय होते, याचीही उदाहरणे आहेत. सोलभोवती १९७१ पासून कडक हरितपट्टा, म्हणजे शहराची वाढ रोखण्यासाठी बांधकामाला मनाई केलेला पट्टा, घातला गेला आणि त्यातील मालकांना जवळजवळ काहीच मोबदला नव्हता. १९९८ मध्ये दक्षिण कोरियाच्या घटनात्मक न्यायालयाने, ज्यांना जमिनीचा कोणताही वाजवी उपयोग करता येत नाही त्यांना मोबदला न देणे घटनेशी विसंगत ठरवले, आणि त्यानंतर पट्टा अनेक ठिकाणी सैल झाला. ओरेगॉनमध्ये २००४ साली मतदारांनीच ठराव मंजूर केला की नियमामुळे जमिनीचे मूल्य कमी झाले असेल तर एक तर भरपाई द्या, नाही तर नियम माफ करा. शासनाकडे इतका पैसा नव्हता, म्हणून माफीच मिळू लागली, शेतीच्या पट्ट्यात मोठमोठ्या वसाहतींचे अर्ज आले आणि २००७ मध्ये त्याच मतदारांनी दुसऱ्या ठरावाने ती सवलत बहुतांशी मोजक्या घरांपुरती आखडली.

आपल्या प्रश्नाला सर्वांत जवळचे उत्तर मेरीलँड राज्यातील माँटगोमेरी काउंटीचे आहे, म्हणून ते जरा तपशिलाने सांगतो. राजधानी वॉशिंग्टनला लागून असलेल्या या काउंटीने १९८० मध्ये सुमारे ९३,००० एकर, म्हणजे आपल्या क्षेत्रफळाचा जवळजवळ तिसरा हिस्सा, शेतीसाठी राखीव केला. त्यापूर्वी पाच एकरांमागे एक घर बांधता येत होते. नव्या नियमाने २५ एकरांमागे एक. शंभर एकरांच्या मालकाला पूर्वी वीस घरे बांधता आली असती, आता चारच. पण पूर्वीच्या हिशेबाने त्याला पाच एकरांमागे एक, असे वीस विकास हक्क विक्रीयोग्य स्वरूपात देण्यात आले. शहराच्या ठरवून दिलेल्या भागात कोणाला नेहमीच्या मर्यादेपेक्षा जास्त घरे बांधायची असतील तर त्याने ते हक्क शेतकऱ्याकडून विकत घ्यायचे. विक्री झाली की शेतावर बांधकाम न करण्याचे बंधन कायमचे नोंदवले जाते आणि ते पुढच्या मालकालाही लागू होते. शेतकऱ्याला पैसा मिळतो, जमीन त्याच्याकडेच राहते आणि सार्वजनिक तिजोरीवर भार येत नाही. हे यंत्र चालण्यासाठी एक अट मात्र पाळावी लागते. ज्या भागात हक्क वापरायचे तेथे जास्तीच्या बांधकामाला खरी मागणी हवी, आणि तेच जास्तीचे बांधकाम दुसऱ्या एखाद्या स्वस्त मार्गाने मिळता कामा नये. नगरपालिका एका हाताने विकास हक्क देते आणि दुसऱ्या हाताने शुल्क घेऊन जादा चटईक्षेत्र विकते, तेव्हा शेतकऱ्याच्या हातातील कागदाला कोणी विचारत नाही. आपल्या योजनेच्या सुनावणीत आपण हाच प्रश्न विचारावा असे मला वाटते : आम्हाला विकास हक्क देणार असाल, तर ते कोठे वापरता येतील आणि तेथे आमच्याशी स्पर्धा करणारे दुसरे काय विकले जात आहे?

प्रश्न : हरितपट्ट्यामुळे घरे महाग होतात, असे बांधकाम व्यावसायिक सांगतात. हे खरे आहे का?

उत्तर : हे खरे आहे, पण पूर्ण सत्य नाही. जमिनीचा पुरवठा आवळला आणि आतल्या भागात जास्त घरे बांधू दिली नाहीत, तर किंमत वाढणारच. लंडनभोवतीचा पट्टा आज पाच लाख हेक्टरांच्या आसपास आहे आणि संपूर्ण इंग्लंडमध्ये अशा पट्ट्यांखाली सुमारे साडेबारा टक्के भूभाग आहे. पट्ट्याच्या आत घर परवडेनासे झाले की माणसे पट्टा ओलांडून पलीकडच्या गावांत राहायला जातात आणि रोज पट्ट्यातून येजा करतात. म्हणजे शेत वाचते, पण प्रवास लांबतो आणि पलीकडची शेते जातात.

नगररचनाकार पॅट्रिक अॅबरक्रॉम्बी यांच्या १९४४ च्या बृहत् लंडन योजनेत हा धोका दिसत होता. पट्ट्याने शहर थांबवायचे आणि पट्ट्याबाहेर, नोकऱ्यांसह, नवी नगरे वसवून वाढ तेथे न्यायची, अशी ती जोडयोजना होती. १९४६ च्या कायद्याने स्टीव्हनेज हे पहिले नवे नगर ठरले आणि पुढची काही वर्षे दोन्ही बाजू बरोबरीने चालल्या. पट्ट्याला १९५५ च्या शासकीय परिपत्रकाने देशभर चालना मिळाली, पण १९७० नंतर नवी नगरे वसवण्याचे काम जवळजवळ थांबले आणि पट्टा मात्र वाढत राहिला. आज जो महागाईचा दोष पट्ट्याला दिला जातो, त्यातला मोठा वाटा अर्ध्यावर सोडलेल्या त्या दुसऱ्या कामाचा आहे. शिवाय हरितपट्ट्यातील प्रत्येक जागा हिरवी असते असेही नाही. जुने वाहनतळ, पडीक गोदामे, पेट्रोल पंप हेही त्यात येतात. डिसेंबर २०२४ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन धोरणात अशा जागांसाठी ‘करडा पट्टा’ असा वेगळा वर्ग आणला गेला, तो याचमुळे. ज्या शहरांना कोणतीही सीमा नाही तेथेही घरे महागलेली आहेत, हे व्यावसायिकांच्या युक्तिवादात सहसा येत नाही.

प्रश्न : वाढीसाठी जी जमीन लागणारच आहे ती सक्तीने संपादित न करता मिळवता येते का?

उत्तर : येते. जमीन एकत्रीकरण आणि पुनर्वाटप ही पद्धत जर्मनी व जपानमध्ये शंभर वर्षांहून अधिक काळ वापरात आहे, आणि जपानच्या नागरी क्षेत्राचा सुमारे ३० टक्के भाग तिच्यातून घडला आहे. शेजारशेजारच्या वेड्यावाकड्या तुकड्यांचे मालक आपली जमीन एकत्र करतात. रस्ते, उद्यान, शाळा यांसाठी आणि काही भूखंड विकून खर्च भागवण्यासाठी तिचा ठरावीक हिस्सा बाजूला काढला जातो, आणि उरलेली जमीन सरळ, रस्त्यालगतच्या भूखंडांच्या रूपाने त्याच मालकांना परत मिळते. क्षेत्रफळ कमी होते, पण भाव वाढल्यामुळे एकूण मूल्य बहुधा वाढते आणि कोणालाही उठून जावे लागत नाही. जपानच्या १९६८ च्या नगररचना कायद्याने नागरीकरणाला चालना द्यायचे क्षेत्र आणि ते रोखायचे क्षेत्र असे दोन भाग पाडले; एकत्रीकरणाचा जोर पहिल्या भागावर असल्यामुळे दुसऱ्यावरचा ताण काहीसा कमी झाला. वेळ मात्र फार लागतो, आणि ज्याचा तुकडा इतका लहान आहे की कपातीनंतर घरापुरतीही जागा उरत नाही, त्याच्यासाठी वेगळी तजवीज करावी लागते.

प्रश्न : सगळीच शेतजमीन वाचवणे शक्य नाही. मग कोणती वाचवावी? आणि अन्न दुसरीकडून आणता येते, तर शहराजवळची शेती हवीच कशाला?

उत्तर : शहरे बहुधा नदीकाठच्या गाळाच्या मैदानांवर वसली, कारण अन्न तेथेच पिकत होते. म्हणून शहर वाढते तेव्हा ते सामान्य जमीन खात नाही, चांगली खाते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाचा अंदाज असा होता, की २०३० पर्यंतच्या नागरी विस्तारात जगातील १.८ ते २.४ टक्के पीकजमीन जाईल, त्यातील सुमारे ८० टक्के आशिया व आफ्रिकेत असेल, आणि ही जमीन जगाच्या सरासरीपेक्षा १.७७ पट उत्पादक असेल. अन्न दुसरीकडून आणता येते हे खरे, पण त्या दुसरीकडच्या जमिनीला जास्त पाणी, जास्त खत आणि बरेचदा तोडलेले जंगल लागते. काही सेंटीमीटर माती तयार व्हायला शतके लागतात. काँक्रीटखाली गेलेली माती व्यवहारात परत मिळत नाही आणि तिच्यातून भूजलात मुरणारे पावसाचे पाणीही थांबते.

कोणती वाचवावी, याला ब्रिटिश कोलंबियाने दिलेले उत्तर अनुकरणीय आहे. या कॅनेडियन प्रांतात लागवडीयोग्य जमीन मुळात थोडी. १९७३ मध्ये मातीची व हवामानाची क्षमता तपासून सुमारे ४७ लाख हेक्टर, म्हणजे प्रांताचा अंदाजे ५ टक्के भाग, शेतीसाठी राखीव झाला आणि तो वगळण्याचे अर्ज नगरपालिकेऐवजी स्वतंत्र आयोगाकडे देण्यात आले. स्वित्झर्लंडने १९९२ मध्ये फेरपिकांसाठीच्या उत्तम जमिनीचा किमान साठा, सुमारे ४ लाख ३८ हजार हेक्टर, ठरवून प्रत्येक कँटनला (तेथील घटक राज्याला) त्यातला वाटा नेमून दिला. दोन्हीकडे मातीचे सर्वेक्षण आधी झाले आणि सीमा नंतर आली. पुष्कळ योजनांत हे उलट होते : बांधकामासाठी हवी ती जमीन काढून घेतल्यावर जे उरते त्याला शेती क्षेत्र म्हणतात.

मातीच्या प्रतीइतकेच सलगतेलाही महत्त्व आहे. चाळीस हेक्टरांच्या सलग शिवारात मधोमध दोन हेक्टरांची वसाहत झाली, तर नकाशावर पाच टक्केच जमीन गेलेली दिसते. प्रत्यक्षात वसाहतीच्या भरावाने पावसाच्या पाण्याचा चर बुजतो आणि वरच्या बाजूची शेते चिबडतात. जाण्यायेण्याच्या वाटेवर गाड्या लागतात, त्यामुळे कापणीचे यंत्र आत नेता येत नाही. फवारणीच्या, शेणखताच्या वासाच्या आणि पहाटेच्या पंपाच्या आवाजाच्या तक्रारी सुरू होतात. लगतचा शेतकरी पीक बदलतो, मग खर्च करणे सोडतो, आणि काही वर्षांनी ती जमीन ‘अशीही पडीकच आहे’ या कारणाने बांधकामासाठी मागितली जाते. म्हणून मध्यम प्रतीची पण मोठी व सलग जमीन कधी कधी उत्तम प्रतीच्या विखुरलेल्या तुकड्यांपेक्षा अगोदर राखावी लागते.

प्रश्न : सीमा कितीही विचाराने आखली तरी राजकीय दबावाखाली ती पुढे सरकतेच. मग एवढा खटाटोप कशाला?

उत्तर : ऑस्ट्रेलियातील मेलबर्नची सीमा २००२ मध्ये आखली गेली, ती बदलायला राज्याच्या संसदेची संमती लागत असूनही पुढच्या दहा वर्षांत ती अनेकदा बाहेर सरकली. त्यामुळे आपली निराशा निराधार नाही. पण सीमा सरकण्यापेक्षाही ती सरकेल हा भरवसा जास्त नुकसान करतो. तो भरवसा असेल तर जमीन शेती न करणाऱ्यांच्या हाती जाते, भाव शेतीच्या उत्पन्नाशी फारकत घेतात आणि नव्याने शेती करू पाहणाऱ्याला ती परवडत नाही. एकही वीट न रचता शिवार संपते.

कॅनडातील आँटॅरिओ प्रांताचा प्रसंग या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. टोराँटोभोवतीचा हरितपट्टा २००५ मध्ये कायद्याने निर्माण झाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रांतिक शासनाने घरबांधणीच्या नावाखाली त्यातील १५ ठिकाणची सुमारे ७,४०० एकर जमीन वगळण्याचा प्रस्ताव मांडला आणि लवकरच तो अमलातही आणला. ऑगस्ट २०२३ मध्ये प्रांताच्या महालेखापरीक्षकांनी अहवाल दिला, की जमिनीची निवड काही विकासकांना झुकते माप देणाऱ्या पद्धतीने झाली, घरांचे उद्दिष्ट गाठण्यासाठी ही जमीन लागत नव्हती, आणि वगळल्यामुळे मालकांच्या जमिनीचे मूल्य ८३० कोटी डॉलरांहून अधिक वाढू शकते. पुढच्याच महिन्यात प्रांताच्या मुख्यमंत्र्यांना माफी मागून निर्णय मागे घ्यावा लागला, आणि त्यानंतर सीमा बदलायची तर कायदाच बदलावा लागेल अशी तरतूद झाली. हे घडले, कारण कोणता तुकडा कोणाचा आणि तो का वगळला हे तपासण्याचा अधिकार एका स्वतंत्र संस्थेकडे होता. सीमेचा बदल ठरलेल्या वर्षीच, संपूर्ण प्रदेशाचा हिशेब मांडूनच आणि अर्जदाराचे नाव व संभाव्य मूल्यवाढ जाहीर करूनच होईल, एवढे जरी योजनेत लिहिले असले, तरी सुट्या अर्जांवर सीमा सरकवण्याचे काम बरेच अवघड होते.

प्रश्न : शेतजमीन राखायची म्हणजे गावकऱ्यांनी आपल्या मुलांसाठी घरेही बांधायची नाहीत का?

उत्तर : तसे नाही, आणि ज्या योजनेचा अर्थ तसा निघतो ती गावात कोणी पाळणार नाही. प्रत्येक गावाच्या वस्तीला लागून, दहा-पंधरा वर्षांच्या नैसर्गिक वाढीपुरती जागा योजनेतच दाखवली पाहिजे. शेतावर राहण्याचा प्रश्न वेगळा आहे. ओरेगॉनमध्ये उत्तम शेतजमिनीवर घराची परवानगी मागणाऱ्याला, त्या जमिनीतून खरोखर ठरावीक उत्पन्न निघते, हे दाखवावे लागते. घर शेतीसाठी आहे की शेत घराच्या अंगणासाठी, हे त्यावरून कळते. एक-दोन हेक्टरांचे, हौशी बंगल्यांसाठी पाडलेले तुकडे हा शेतजमीन संपण्याचा सर्वांत निमूट मार्ग आहे. अशा तुकड्यांची नोंद बहुतेक ठिकाणी शेती अशीच राहते, त्यामुळे ते कोणत्याही आकडेवारीत दिसत नाहीत. आपल्या तालुक्यात असे तुकडे किती पडले हे पाहायचे असेल, तर जमिनीच्या नोंदींत गेल्या काही वर्षांत एका गटाचे किती पोटहिस्से झाले आणि त्यातील किती खातेदार त्या गावात राहत नाहीत, हे मोजावे लागेल.